पॅरोलवरचे दिवस शिक्षेत धरतात का? अर्जाआधी हे पाहून घ्या

कारागृहात मुलाखतीला आलेली आई बोटांवर महिने मोजते आणि विचारते, "मधे महिनाभर घरी होता, तो धरलाय ना?" तो महिना कोणत्या रजेचा होता, यावर उत्तर ठरतं.

महाराष्ट्रात 1959 च्या नियमांखाली दोन रजा मिळतात: संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. या दोन्ही रजा शिक्षा लागलेल्यालाच मिळतात. कच्च्या कैद्याने, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे त्याने, जामीन मागायचा.

फर्लोला कारण लागत नाही. नियमात ठरलेली शिक्षा भोगून झाली, वर्तन चांगलं असलं आणि गुन्हा वगळलेल्या यादीत नसला, की अर्ज करता येतो. हे दिवस शिक्षेतली माफी म्हणून धरले जातात. पॅरोलचे धरत नाहीत. समजा सुटकेची तारीख 10 मार्च आहे आणि 30 दिवस पॅरोल घेतला, तर सुटका 9 एप्रिलला. जन्मठेपेच्या कैद्याने इथे जास्त जपावं. जानेवारी 2023 मध्ये गोव्याच्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मुदतपूर्व सुटकेसाठी 14 वर्षांची प्रत्यक्ष कैद मोजताना पॅरोलचा काळ वगळायचा. म्हणजे 14 वर्षं झाली असली आणि त्यातलं एक वर्ष पॅरोलवर गेलं असलं, तर हिशेबात 13 च.

म्हणून घाई नसेल आणि फर्लो बसत असेल, तर आधी फर्लोच मागा, असं मी प्रत्येक घरच्यांना सांगतो. आई अंथरुणाला खिळली असेल तर मात्र दिवसांचा हिशेब करत बसू नका.

आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलांचं गंभीर आजारपण, पत्नीचं बाळंतपण, पूर-आगीत घर पडणं, यासाठी नियमित पॅरोल विभागीय आयुक्त देतात. जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूसाठी तातडीचा पॅरोल असतो, तो कारागृह अधीक्षकांच्या हातात. फर्लोचा निर्णय कारागृह उपमहानिरीक्षकांकडे होतो. अर्ज कैद्याने कारागृहातूनच द्यायचा.

सोबत कारणाचा पुरावा (दवाखान्याचे कागद किंवा मृत्यूचा दाखला), नात्याचा पुरावा, जिथे राहणार त्या घराचा पत्ता आणि जामीनदाराची कागदपत्रं लावा. कैद्याला जातमुचलका, म्हणजे स्वतःची लेखी हमी, लिहून द्यावा लागतो. अर्ज अडतो तो बहुतेक पोलीस अहवालाशी. चौकशीला पोलीस घरी येतात तेव्हा दाराला कुलूप असलं किंवा जामीनदार "मला माहीत नाही" म्हणाला, की अहवाल विरोधात जातो. जामीनदाराला आधीच नीट समजावून ठेवा.

परतीची तारीख चुकवू नका. उशिराचे दिवस शिक्षेत धरत नाहीत, कमावलेली माफी कापली जाते, गुन्हाही नोंदू शकतो आणि पुढची रजा अवघड होते.

अर्ज फेटाळला तर कारणांसह लेखी आदेश मागून घ्या. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात फौजदारी रिट याचिका करता येते. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कैद्याला मोफत वकील मिळतो.