हकीकी-मजाजी ते वास्तव-आभासी: वक्र आरशांतल्या प्रतिमांची पार्श्वभूमी

परभणीकडच्या आमच्या आजोबांचा दाढीचा आरसा अंतर्गोल होता. त्याला ते शेवटपर्यंत ‘मुकअर आईना’ म्हणत. जवळ धरला की गाल मोठा दिसे. तोच आरसा ते खिडकीकडे तोंड करून धरत, पुढ्यात पोस्टकार्ड मागेपुढे सरकवत, आणि एका जागी कार्डावर अंगणातला लिंब उलटा उतरे, हलत्या पानांसकट. गाल मात्र कार्डावर कधीच उतरला नाही.

कार्डावर उतरते ती वास्तव प्रतिमा, नुसती डोळ्याला दिसते ती आभासी. हा फरक नेमका सांगता यायला माणसाला शतकं लागली. वक्र आरशाने ऊन एका जागी आणून जाळ करता येतो, हे ग्रीकांना ठाऊक होतं. अन्वस्ताकार (पॅराबोलाच्या आकाराचा) आरसा ते काम बिनचूक करतो, हे ग्रीक गणिती डायोक्लीझने इ.स.पू. 200 च्या सुमारास सिद्ध केलं. त्याचं मूळ लेखन हरवलं, अरबी भाषांतर टिकलं. प्रतिमा कुठे पडते, हा प्रश्न मात्र अवघड होता. प्राचीन ग्रीक विद्वान टॉलेमीच्या काळापासून त्याला एक ठरलेलं उत्तर होतं: वस्तूपासून आरशावर लंब टाका, डोळ्यात येणारा किरण मागे वाढवा, दोन्ही मिळतील तिथे प्रतिमा. सपाट आरशाला हा नियम चोख बसतो, वक्र आरशाला सरसकट बसत नाही. बसऱ्यात जन्मलेल्या, अरबीत लिहिणाऱ्या शास्त्रज्ञ इब्न अल-हैसमने अकराव्या शतकात कैरोत राहून गोलीय आरशावर किरण नेमका कुठून परततो, याची किचकट भूमिती सोडवली.

पुढे 1604 मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरने तो जुना नियम मोडीत काढला. डोळ्याला भासते ती ‘इमागो’ आणि कागदावर उमटते ती ‘पिक्तुरा’, असे दोन शब्द त्याने वेगळे केले. मला खरी झेप हीच वाटते. पाहणारा डोळा नसला तरी किरण एकत्र येतातच आणि तिथे चित्र असतंच, हे त्यामुळे उघड झालं. 1668 मध्ये न्यूटनने बनवलेल्या दुर्बिणीत धातूचा अंतर्गोल आरसा अशीच प्रतिमा तयार करतो, आणि ती नेत्रिकेतून (डोळ्याजवळच्या भिंगातून) पाहायची असते.

आजोबांच्या तोंडी अरबी शब्द आला तो शाळेतून. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत चाले. 1918 मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात तर विज्ञानही उर्दूत शिकवत. पुस्तकांसाठी खास भाषांतर विभाग होता. अंतर्गोल तो ‘मुकअर’, बहिर्गोल तो ‘मुहद्दब’. हे शब्द इब्न अल-हैसमच्या भाषेतलेच. वास्तव प्रतिमा ‘हकीकी’, आभासी ती ‘मजाजी’. खुलदाबादच्या सुफी परंपरेत प्रेमाचेही हकीकी (ईश्वरावरचं) आणि मजाजी (माणसावरचं) असे दोन प्रकार, त्यामुळे ही जोडी इकडच्या कानांना परकी नव्हती. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपल्यानंतर शाळा हळूहळू मराठी झाल्या आणि शब्द बदलले. ‘मजाजी’त लाक्षणिक, उसन्या अर्थाची छटा आहे. ‘आभासी’ मला जास्त नेमका वाटतो: किरण तिथून आल्यासारखे वाटतात, प्रत्यक्षात तिथे पोचलेलेच नसतात.

बहिर्गोल आरसा मात्र शाळेच्या पुस्तकांआधी बंजारा तांड्यावर होता. जुन्या कशिद्यातले आरसे फुगवलेल्या, आतून मुलामा दिलेल्या काचेच्या गोळ्याचे तुकडे असत, म्हणून प्रत्येकाला जरासा फुगवटा. एखाद्या बंजारा आजीच्या जुन्या फेटियाजवळ (घागऱ्याजवळ) वाकून पाहा. प्रत्येक आरशात आपला चेहरा दिसतो, सुलटा आणि लहान. पोस्टकार्ड कितीही सरकवलं तरी तो त्यावर येत नाही.