शाळेची सहल गडावर कशी पोचली

सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. छत्रपती संभाजीनगरकडे सहल नेणाऱ्या शिक्षकाला लेण्यांतल्या चित्रांच्या आधी हे दोन वार पाठ असावे लागतात. मग येतो फर्दापूरचा फाटा. शाळेची गाडी तिथेच थांबते आणि पुढच्या चार किलोमीटरसाठी वेगळ्या बसमध्ये बसावं लागतं. म्हणजे पोरं उतरताना मोजा, चढताना मोजा आणि परतताना हेच पुन्हा करा. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, त्यामुळे नववी-दहावीची सहल असेल तर जन्मतारखांची यादीही खिशात हवी. इतिहास सांगायचा तो यातून उरलेल्या वेळात.

हे असं का झालं, हे समजायला जरा मागे जावं लागतं. सहल कुठे जाते आणि कुठे जात नाही, हे शाळेने ठरवण्याआधीच बरंचसं ठरून गेलेलं आहे.

१८१८ साली मराठेशाहीचे गड एकामागून एक इंग्रजांच्या हाती गेले. १० मे रोजी रायगड पडला. तोफांच्या माऱ्यात वरचे वाडे जळाले होते. नाशिकच्या बाजूला कॅप्टन ब्रिग्जने कित्येक गडांच्या पायऱ्या आणि वाटा सुरुंगांनी उडवून दिल्या, पुन्हा कोणी वर जाऊन ठाण मांडू नये म्हणून. हरिहरच्या कातळातल्या खड्या पायऱ्या त्यातून वाचल्या, अलंगच्या वाचल्या नाहीत. अलंगला आज दोर लावून चढतात. तिथे शाळेची सहल जात नाही, याचं अर्धं कारण दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या सुरुंगांत आहे.

पुढे पाऊणशे वर्षं रायगडाकडे फारसं कोणी फिरकत नव्हतं. १८८३ साली जेम्स डग्लस या इंग्रजाने मुंबईवरच्या आपल्या पुस्तकात शिवाजी महाराजांच्या समाधीच्या दुरवस्थेवर लिहिलं आणि इथल्या सुशिक्षितांना ते लागलं. सभा झाल्या, अर्ज झाले. सरकारने समाधीच्या देखभालीला मंजूर केले वर्षाला ५ रुपये! १८९५ मध्ये टिळकांनी वर्गणी उभी करायला घेतली आणि १८९६ च्या एप्रिलमध्ये रायगडावर पहिला उत्सव झाला. गडावर जाणं ही चारचौघांनी मिळून करायची गोष्ट झाली ती इथपासून. समाधीचा शोध नेमका कोणी लावला, फुल्यांनी की टिळकांनी, यावर आजही हमरीतुमरी होते. महात्मा फुल्यांचा शिवाजी महाराजांवरचा पोवाडा १८६९ चा, म्हणजे डग्लसच्या चौदा वर्षं आधीचा. जगदीश्वराच्या देवळापुढे, समाधीपाशी उभं राहून हे सगळं मुलांना सांगायचं की नुसता जयजयकार करून पुढे निघायचं, हा निर्णय तिथल्या तिथे शिक्षकालाच घ्यावा लागतो. मला वाटतं, सांगावं. चौथी-पाचवीतल्या पोरांनाही भांडण कशावरून आहे ते बरोबर कळतं.

उत्सवाची वाट शाळेपर्यंत आली ती स्वातंत्र्यानंतर, आणि तिला दोन गोष्टी कारणीभूत झाल्या: पाठ्यपुस्तक आणि एसटी. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली. १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती स्थापन झाली आणि राज्यभरच्या मुलांच्या हातात एकच पुस्तक येऊ लागलं. चौथीला शिवछत्रपती, हे समीकरण महाराष्ट्रात इतकं पक्कं आहे की आजोबा आणि नातू दोघांनाही पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले हे तोंडपाठ असतं. पुस्तकात गड आला की तो बघायची हौस येणारच, आणि तिथवर न्यायला लाल डबा होता.

सहलीसाठी अख्खी गाडी ठरवायची, याला एसटीच्या भाषेत ‘प्रासंगिक करार’ म्हणतात. आगारात अर्ज द्यायचा, किलोमीटर काढून घ्यायचे, पैसे भरायचे. शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते. या निम्म्या भाड्यावर खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांनी आयुष्यातला पहिला गड पाहिला. हंगामही आपोआप ठरला. पावसाळ्यात गडाच्या वाटा निसरड्या, दिवाळीत सुट्टी, फेब्रुवारी उजाडला की परीक्षांची घाई. उरले डिसेंबर आणि जानेवारी. म्हणून त्या दोन महिन्यांत महाडचा रस्ता, प्रतापगडाची वाट आणि वेरूळचं कैलास लेणं एकाच रंगाच्या गणवेशांनी भरून जातं, आणि एका शाळेचं पोर दुसऱ्या शाळेच्या रांगेत सापडतं.

ठिकाणं निवडली रस्त्यांनी. प्रतापगडावर १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण झालं. गाडी गडाजवळ जाते आणि महाबळेश्वरही लागूनच आहे, त्यामुळे प्रतापगड सहलीचा हुकमी गड झाला. सिंहगडावर तर गाडी थेट वर जाते. राजगड मात्र स्वराज्याची पहिली राजधानी असूनही मागे राहिला, कारण तिथे चढायलाच लागतं. रायगडाला चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत. १९९६ साली तिथे रोपवे आला आणि तासा-दीड तासाचा चढ काही मिनिटांवर आला. तेव्हापासून सहलीच्या बैठकीत दरवर्षी हाच वाद: पायऱ्या की पाळणा? पायऱ्यांनी नेलं तर दमलेल्या, मागे रेंगाळणाऱ्या मुलांसाठी शेवटी एक माणूस ठेवावा लागतो, आणि पाळण्याने नेलं तर वर्गणी वाढते. माझं मत पायऱ्यांच्या बाजूचं आहे. राजधानीसाठी हाच डोंगर का निवडला, हे पाळण्यात बसून कळत नाही.

या सगळ्यात मोठा बदल घडवला तो १ फेब्रुवारी २०१६ या दिवसाने. पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरुडच्या किनाऱ्यावर आली होती. भरती-ओहोटीच्या पाण्यात १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर शिक्षण खात्याने सहलींसाठी नियमांची लांबलचक यादी काढली. पालकांचं लेखी संमतिपत्र, मुलींबरोबर शिक्षिका, दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, आणि समुद्र, नद्या, तलाव, अवघड डोंगर असल्या ठिकाणांपासून दूर राहायचं. सहलप्रमुखाची फाईल जाड झाली ती तेव्हा.

या नियमांना नावं ठेवणं सोपं आहे. पण १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, त्यात १२ मुलांबरोबर २ शिक्षिकाही गेल्या. बोटीत माणसं जास्त होती आणि सगळ्यांच्या अंगावर जॅकेटं नव्हती. कागदावरचा नियम एवढ्यापुरता तरी पाळला असता तर, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

अडचण वेगळीच आहे आणि ती साध्या भागाकाराची आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबाने प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. सहलीच्या नियमाने त्याच साठ मुलांना सहा शिक्षक. उरलेले चार आणायचे कुठून? मग शेजारच्या वाडीची शाळा सोबत घ्या, तर मुलं वाढतात. अंगणवाडीताईंना विनवा, एखाद्या आईला घेऊन चला. नाहीतर सहल गावाबाहेरच्या मंदिरापर्यंत काढा आणि ‘क्षेत्रभेट’ म्हणून नोंदवा. हा शेवटचा मार्ग वाटतो त्यापेक्षा पुष्कळ शाळा धरतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण चौथीतल्या मुलाचा रायगड तेवढा राहून जातो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. जिंजी तमिळनाडूतला, बाकी ११ महाराष्ट्रातले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही चहूबाजूंनी पाण्यात आहेत. मुलं पुस्तकात मराठ्यांचं आरमार वाचतात, यादीत किल्ल्याचं नाव आहे, आणि सहलीचे नियम पाण्यापासून दूर राहायला सांगतात. सिंधुदुर्गाच्या आत महाराजांच्या हातापायाचे चुन्यात उमटलेले ठसे आहेत, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवरायांचं मंदिर आहे. त्यासाठी होडीत बसावं लागतं. मालवणच्या धक्क्यावर मात्र किल्ल्याचा लांबलचक तट आणि बुरूज नीट दिसतात. मुलांना वाळूत ओळीने बसवून १६६४ पासूनची गोष्ट सांगायला ती जागा पुरते. फक्त बाजूने होड्या सुटत असतात, आणि ओळीतलं एक तरी पोर विचारतंच, “सर, आपण कधी जायचं?”