बदली कालवडी : घरच्या आणि विकतच्या

मांसासाठी पाळलेल्या गायींच्या कळपातून दरवर्षी काही गायी काढाव्या लागतात. कोणी गाभण राहत नाही, कोणाचे दात झिजलेले असतात, तर कोणाची कास किंवा खूर बिघडलेले असतात. त्यांची जागा घेणाऱ्या, अद्याप न व्यालेल्या मादीस बदली कालवड म्हणतात. अमेरिकेत अशा बदलीचे प्रमाण वर्षाला साधारणतः १५ ते २० टक्के असते.

कळपातलीच कालवड राखल्यास तिची आई, बाप आणि स्वभाव पशुपालकाला ठाऊक असतो. (गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड मात्र बहुधा वांझ निघते.) तथापि घरची म्हणून ती फुकट धरणे ही हिशेबातील नेहमीची चूक होय. सातव्या महिन्याच्या सुमारास दूध तुटल्यावर ती विकली असती तर रोख पैसे आले असते. ठेवल्यास ती चौदा-पंधराव्या महिन्यात फळते, सुमारे २८३ दिवसांनी म्हणजे दोन वर्षांची होताना विते, आणि तिचे पहिले वासरू विकेपर्यंत आणखी सहा-सात महिने जातात. शिवाय काही कालवडी गाभण राहणारच नाहीत, हे धरून गरजेपेक्षा जास्त राखाव्या लागतात. वळू दाखवण्याच्या वेळी कालवडीचे वजन पूर्ण वाढलेल्या गायीच्या ६० ते ६५ टक्के असावे, असा जुना दंडक आहे. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या प्रयोगांत त्याहून हलक्या कालवडीही समाधानकारक गाभण राहिल्या आणि चाऱ्याचा खर्च वाचला.

एकच वळू असलेल्या लहान कळपाला मात्र विकतचा मार्ग जवळपास अटळ ठरतो, कारण त्या वळूच्या लेकी त्यालाच दाखवता येत नाहीत. खरेदी करणाऱ्याला घरच्या कालवडी राखायच्या नसल्याने सर्व गायींवर केवळ मांसवाढीसाठी निवडलेला वळू वापरता येतो. खरा धोका रोगांचा असतो. बोव्हाइन व्हायरल डायरिया या गुरांच्या विषाणूजन्य रोगाच्या बाबतीत गाभण कालवड स्वतः तपासणीत निर्दोष ठरूनही तिच्या पोटातील वासरू जन्मभर विषाणू पसरवणारे निघू शकते. म्हणून ती व्याल्यावर वासराच्या कानाचा तुकडाही तपासावा लागतो.

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात या प्रश्नाला गवताचीही बाजू आहे. तेथील कुरणांत पसरलेल्या ‘केंटकी-३१’ या फेस्क्यू गवतात एक बुरशी वाढते व तिच्या विषाने रक्तवाहिन्या आकसतात. हे गवत अंगवळणी न पडलेली, बाहेरून आणलेली कालवड हिवाळ्यातील केस न झडता उन्हाळ्यात शिरते, धापा टाकत तळ्यात उभी राहते आणि चरणे सोडते. मिसुरी विद्यापीठाच्या ‘शो-मी-सिलेक्ट’ कार्यक्रमात स्थानिक पशुपालकांनी वाढवलेल्या कालवडींचे लसीकरण होते, श्रोणीचे (वासरू ज्यातून बाहेर येते त्या हाडांच्या पोकळीचे) माप घेतले जाते आणि गर्भतपासणीनंतर त्या लिलावात येतात. फेस्क्यूवर चरणाऱ्या कळपासाठी कालवड घ्यायची असल्यास ती त्याच गवतावर वाढलेली आहे का, हे आधी विचारावे लागते.