वाळूच्या पोटातले पाणी

उन्हाळ्यात भीमेचे किंवा गिरणेचे कोरडे पात्र पाहून नदी आटली असे आपण म्हणतो. पण त्याच पात्रात झिरा खणला की अनेकदा पाणी लागते, कारण वाळूच्या कणांमधल्या पोकळ्या हीच नदीची टाकी असते. एक ब्रास वाळू म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २,८३० लिटर आकारमान. पाण्याने भरलेल्या एवढ्या वाळूतून ढोबळमानाने एक चतुर्थांश, म्हणजे सातशे लिटर पाणी पाझरून मिळू शकते. पाणी पृष्ठभागाखाली दोन-तीन फूट गेले की बाष्पीभवनही फारसे होत नाही, आणि ही सोय उघड्या तलावाला नाही. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्ट खडकाचा, पाणी साठवण्यात मुळातच हात आखडता असलेला, त्यामुळे इथे ही टाकी अधिकच मोलाची.

सक्शन पंप आणि पोकलेन लावून वाळू उपसली आणि पात्र खोल केले की काठच्या विहिरींचे पाणी त्या खोलीकडे झिरपते. शेतकरी विहीर खोल करतो, पाइप वाढवतो आणि (बहुधा) दोष पावसाला देतो. खड्ड्याचा वरचा काठ प्रवाहाच्या माऱ्याने ढासळत उगमाकडे सरकतो, म्हणून उपशापासून दूर असलेल्या पुलाचा पायाही उघडा पडू शकतो. पोर्तुगालमध्ये दोरू नदीवरचा पूल ४ मार्च २००१ रोजी कोसळून ५९ जण दगावले, तेव्हा खांबाखालचा तळ खचण्यामागे वर्षानुवर्षांचा वाळूउपसा असल्याचे चौकशीत आढळले.

रात्रीच्या डंपरांनी उखडलेले रस्ते, पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यांत बुडणारी मुले, कारवाईला गेलेल्या तलाठ्यांवर आणि तहसीलदारांवर होणारे हल्ले, हे सारे आता बातम्यांच्या सरावाचे झाले आहे.

पुरात वाळू परत येते, हा समज एके काळी बराचसा खरा होता. आता उजनी, जायकवाडीसारखी धरणे वरून येणारी वाळू अडवतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पाच हेक्टरांहून लहान वाळूघाटांनाही (उपशासाठी दिल्या जाणाऱ्या पात्राच्या पट्ट्यांनाही) पर्यावरण परवानगी बंधनकारक केली. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पावसाळ्याआधी व नंतर पात्र मोजून, परत आलेल्या वाळूच्या मर्यादेतच उपसा आखायचा असतो. धरणाखालच्या पात्रात हे उत्तर शून्याच्या जवळ येऊ शकते, आणि तसे आले तर त्या वर्षी तिथला लिलाव होता कामा नये.