४२९४९६७२९७ (पाचवी फेर्मा संख्या)

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दोनच्या ३२ व्या घातात १ मिळवला की ही दहा अंकी संख्या येते. दोनचा घात अधिक एक, आणि घातांकही दोनचाच घात, अशा संख्यांना फेर्मा संख्या म्हणतात. त्यांचा क्रम शून्यापासून मोजतात: ३, ५, १७, २५७, ६५५३७. या पाचही मूळ संख्या आहेत. त्यावरून पुढच्या सगळ्याही मूळच असणार, असे फ्रेंच गणिती प्येर द फेर्मा याला १६४० च्या सुमारास वाटले. पुढचीच संख्या म्हणजे ४२९४९६७२९७, आणि अंदाज फसला तो इथेच.

१७२९ मध्ये गोल्डबाख या गणितीने हा प्रश्न ऑयलर या दुसऱ्या गणितीपुढे मांडला. १७३२ मध्ये ऑयलरने उत्तर दिले: ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. हे दोन्ही अवयव मूळ आहेत. हा शोध आंधळ्या भागाकारांचा नव्हे. या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असावा लागतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. तशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. म्हणजे पाचव्याच प्रयत्नाला भाग जातो!

भागाकार न करताही हे पटवता येते. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ५ गुणिले दोनचा सातवा घात याला ६४१ ने भागल्यास बाकी −१ धरता येते. दोन्हींचा चौथा घात घेतला की ६२५ गुणिले दोनचा २८ वा घात याची बाकी १ येते. पण ६४१ = ६२५ + १६ हेही खरे. तेव्हा ६२५ च्या जागी −१६ ठेवायचे. दोनच्या ३२ व्या घाताची बाकी −१ निघते आणि त्यात एक मिळवला की शून्य.

गंमत अशी, की मूळ संख्या ओळखण्याची जी कसोटी फेर्माच्याच प्रमेयावरून निघते (पाया म्हणून घेतलेल्या संख्येचा, तपासायच्या संख्येहून एकाने लहान असा घात घेऊन त्याच संख्येने भागायचे; बाकी १ आली की उत्तीर्ण), तीत दोन हा पाया घेतला तर ही संख्या बिनबोभाट उत्तीर्ण होते. तीन हा पाया घेतला की मात्र सोंग उघडे पडते.

ती दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी लिहिता येते: ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, तसेच ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग. मूळ संख्येला अशी एकाहून अधिक मांडणी शक्य नसते. ती संयुक्त असल्याचा हा वेगळाच पुरावा. विभाजक चारच, त्यांची बेरीज ४३०१६६८३५६.

हिच्यातून २ वजा केले तर ४२९४९६७२९५ उरतात, म्हणजे आधीच्या पाच फेर्मा संख्यांचा गुणाकार. बाजूंची विषम संख्या मूळ फेर्मा संख्या किंवा तशा वेगवेगळ्या संख्यांचा गुणाकार असेल तरच आकृती काढता येते, या गणिती गाउसच्या नियमानुसार इतक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती पट्टी व कंपासने काढता येते, निदान कागदोपत्री. विषम बाजूंच्या अशा आकृत्यांत याहून मोठी आज माहीत नाही. ६४१ बाजूंची मात्र काढता येत नाही.