रेशीमशेती (ड्वार्फ फोर्ट्रेस)

ड्वार्फ फोर्ट्रेस या संगणकीय खेळात विषारी महाकोळ्याला जिवंत कोंडून त्याच्या जाळ्यांपासून सतत रेशीम मिळवण्याची खेळाडूंनी शोधलेली पद्धत. तुतीचा पाला आणि किडे यांचा इथे काही संबंध नाही. या खेळातले रेशीम कोळ्याच्याच जाळ्याचे. टार्न आणि झॅक अॅडम्स या भावांनी बनवलेला हा खेळ ऑगस्ट २००६ मध्ये लोकांपुढे आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याची सचित्र आवृत्ती स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात विक्रीस आली. खेळाडूने बुटक्यांची टोळी घेऊन डोंगर पोखरायचा, किल्ला वसवायचा आणि तो कधीतरी बुडणार हे गृहीत धरायचे. 'हरण्यातच मजा' हे या खेळाचे घोषवाक्यच आहे.

रेशमाची नड अचानक लागते. एखाद्या कारागिराच्या अंगात येते, तो कार्यशाळा अडवून बसतो आणि हवा तो माल मागतो. त्याला रेशमी कापड हवे असेल आणि कोठारात ते नसेल, तर तो वेडा होतो. भुयारात आयती जाळी सापडतात, पण ती आणायला गेलेला विणकर परत येईलच असे नाही. महाकोळी दुरूनच जाळे फेकून सावज जखडतो, मग चावतो. त्या विषाने अंग लुळे पडते आणि श्वास थांबतो.

पकडणे त्यामानाने सोपे. भुयाराच्या अरुंद वाटेवर पिंजऱ्यांचे सापळे मांडायचे. प्रत्येकाला एक यंत्रभाग आणि एक पिंजरा लागतो. पिंजरा लाकडी असला तरी चालतो. त्यात ड्रॅगनसुद्धा मुकाट बसतो, आणि लाकूड कसे जळत नाही हे विचारायचे नसते. 'फरगॉटन बीस्ट' म्हणजे पाताळातले विस्मृत श्वापद मात्र सापळ्याला बधत नाही. दर वेळी खेळ त्याचे रूप नव्याने घडवतो आणि काही श्वापदे स्वतःही जाळे फेकतात. पण सापळ्यावर कोळ्याचे जाळे पसरलेले असेल आणि श्वापद त्यात गुरफटले, तर तेही पिंजऱ्यात जाते. जाळ्याला न बधणाऱ्यांवर मात्र ही युक्ती चालत नाही, आणि महाकोळी त्यांपैकीच एक; तो मात्र साध्या सापळ्यातच सापडतो.

खरे कसब पुढे आहे. कोळी उगाच जाळे फेकत नाही, त्याला शत्रू दिसावा लागतो. म्हणून पिंजरा बंद खोलीत ठेवून खटक्याला जोडतात, दार चिणतात आणि मग बाहेरून खटका ओढून कोळी मोकळा करतात. खोलीच्या एका भिंतीत जंग्या कोरलेल्या असतात, आपल्या गडांच्या तटात बंदुकीसाठी असतात तशाच. त्यांतून जाळे बाहेर पडते, कोळी पडत नाही. पलीकडे मोकळी पट्टी आणि तिच्या टोकाला आमिष. वाघासाठी बोकड बांधतात तसेच, फक्त इथे बोकड मरू द्यायचा नसतो. वेढ्यात सापडलेला गोब्लिन, म्हणजे किल्ल्यावर चाल करून येणारा बुटक्यांचा शत्रू, यासाठी उत्तम, कारण त्याला अन्न लागत नाही की पाणी. तो दिसत राहतो, कोळी चिडत राहतो आणि पट्टीवर जाळ्यांचा खच पडतो.

मग जंग्यांपुढचा उचलता पूल उभा करायचा. उभा पूल म्हणजे भिंतच; कोळ्याची नजर तुटते आणि विणकर निर्धास्तपणे जाळी मागावर नेतात. खटका ओढल्यावर पूल हलायला थोडा वेळ लागतो. घाईत विणकर आधी आत सोडले, की ते कोळी पाहून काम टाकून पळतात, नाहीतर आमिषाशेजारीच जखडून पडतात.

अशा शेतीचा अतिरेकही झाला आहे. मत्स्यकन्यांच्या हाडांना खेळात एके काळी फार मोल होते. तेव्हा त्यांना कोंडून पिल्ले वाढवायची आणि पाण्याबाहेर तडफडवून मारायची असा बेत खेळाडूंनी आखला. टार्न अॅडम्स यांना तो इतका भयंकर वाटला, की त्यांनी त्या हाडांची किंमतच उतरवली.