कोंबडीला न लागणारं तिखट

क्रीम घातलेल्या झणझणीत चिकन खिमा सँडविचचा दुसरा घास घेतला की कपाळावर घाम येतो, नाक वाहू लागतं आणि हात आपोआप पाण्याच्या पेल्याकडे जातो. ज्या पक्ष्याचं हे मांस, त्याने मात्र सबंध मिरची गिळली असती तरी त्याला यातलं काहीही झालं नसतं. कोंबडीला तिखट लागतच नाही.

तिखट ही गोड-आंबट-खारटासारखी चव नाही. ती भाजल्याची जाणीव आहे. आपल्या जिभेतल्या वेदनावाहक मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की ते दारासारखं उघडतं आणि मेंदूला कळतं, ‘पोळतंय’. मिरचीतला कॅप्सेसिन हा रेणू त्याच दाराला असा काही चिकटतो, की तोंडात साधी ऊब असतानाही ते उघडं राहतं. जीभ प्रत्यक्षात भाजत नसते, पण मेंदूला तो फरक कळायला मार्ग नसतो. हे प्रथिन १९९७ साली अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ओळखलं आणि पुढे २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना अर्देम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं. ज्युलियस यांच्याच प्रयोगशाळेने २००२ मध्ये कोंबडीचं टीआरपीव्ही-१ तपासलं. ते उष्णतेला उघडतं, कॅप्सेसिनला मात्र दाद देत नाही. यात मिरचीच्या झाडाचाही फायदा आहे. पक्षी बी अख्खं गिळतात आणि दूरवर नेऊन टाकतात. सस्तन प्राणी ते दाढेखाली चिरडतात. झाडाने तिखट राखून ठेवलं आहे ते आपल्यासारख्यांसाठी.

एकच दार उष्णता आणि मिरची दोघांनाही उघडतं, ही गोष्ट स्वयंपाक करताना फार उपयोगी पडते. कढईतून थेट चमच्यावर घेतलेला रटरटता खिमा चाखाल तर तो हमखास जास्त तिखट वाटेल, कारण दोन्ही बाजूंनी एकदमच जोर लागतो. म्हणून चाखायचा थेंब आधी फुंकर घालून कोमट करावा आणि मगच मिरची वाढवायची की थांबायचं ते ठरवावं.

आता क्रीम. तिखट आणि मलई ही जोडी केवळ चवीच्या आवडीतून जमलेली नाही. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात सहज विरघळतं. म्हणूनच पाण्याच्या घोटाने थंडावा मिळतो तो घोट तोंडात असेपर्यंतच. रेणू जिथल्या तिथे बसून राहतो. क्रीममधली चरबी त्याला स्वतःत ओढून घेते. शिवाय दुधात केसीन हे प्रथिन असतं आणि कॅप्सेसिन त्यालाही चिकटतं. साय काढलेल्या दुधानेही आग बऱ्यापैकी शमते, म्हणजे श्रेय एकट्या चरबीचं नाही. क्रीमने मिरची नाहीशी होत नाही, तिचा बराचसा भाग चरबीत अडकून थांबतो आणि हळूहळू सुटतो. त्यामुळे अशा सँडविचचा तिखटपणा उशिरा येतो, पण येतो. हे ध्यानात ठेवून मिरची घातली तर हात चुकत नाही.

तेलाचंही तसंच. तिखटपूड थेट क्रीममध्ये ढवळली तर ती कच्ची लागते. मंद आचेवर तेलात अर्धा मिनिट परतली, तर तिचा लाल रंग देणारी कॅरोटिनॉइड्स तेलात उतरतात, ती स्निग्ध पदार्थातच विरघळणारी आहेत. तेल लालभडक दिसलं की ओळखावं, काम झालं. आच मोठी असेल तर पूड क्षणात करपते आणि तो कडवटपणा कितीही क्रीम घातलं तरी जात नाही. ताजी मिरची वापरणार असाल, तर बिया काढून ती सौम्य होत नाही. कॅप्सेसिन तयार होतं ते बिया ज्याला लगडलेल्या असतात त्या आतल्या पांढुरक्या भागात. काढायचा असेल तर तो भाग काढा.

पण माझ्या मते या सँडविचचं खरं भवितव्य त्याआधीच ठरतं. खिमा कढईत पडल्यापासूनची पहिली चार मिनिटं सर्वांत महत्त्वाची.

१९१२ हे वर्ष या पदार्थासाठी जणू शुभच म्हणायचं. त्या वर्षी अमेरिकेतले औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी मिरचीचा तिखटपणा मोजण्याची पद्धत मांडली आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई-कामिय मैयार यांनी अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापवली की ती तपकिरी होतात, याचं वर्णन केलं. खरपूस भाजल्याचा जो वास आपल्याला ओढून घेतो तो याच मैयार अभिक्रियेचा. ती १४० अंशांच्या आसपास जोमाने चालते. अडचण अशी, की चिकनमध्ये सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं आणि पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. खिमा करताना स्नायूंचे तंतू तुटलेले असतात, त्यामुळे अख्ख्या तुकड्यापेक्षा त्यातून पाणी कितीतरी लवकर सुटतं. छोट्या कढईत अर्धा किलो खिमा एकदम टाकून ढवळत बसलं, की तो भाजला न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतो. करड्या रंगाचा, चोथ्यासारखा, ज्याला कशाचाच वास नाही असा.

उपाय साधा आहे, फक्त धीर हवा. पसरट तवा किंवा पॅन कडकडीत तापवायचा, तेल घालायचं, खिमा एका थरात पसरायचा आणि हात लावायचा नाही. तीन-चार मिनिटं अजिबात नाही. खालची बाजू गडद तपकिरी झाली, की मगच उलथन्याने उलटून मोकळी करायची. पॅन लहान असेल तर दोन घाण्यांत करावं. पाच मिनिटं जास्त लागतील, पण चवीत ती भरून निघतात. तळाला चिकटलेला तपकिरी थर खरवडून फेकू नका, पुढे क्रीम घातल्यावर तो सॉसमध्ये सुटून येतो.

अर्धा किलो खिम्याला पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा चोळून पंधरा मिनिटं ठेवला तर आणखी मदत होते. सोड्याने मांस किंचित अल्कधर्मी होतं, प्रथिनं एकमेकांना घट्ट आवळत नाहीत, पाणी आत टिकतं आणि मैयार अभिक्रियाही वेग घेते. प्रमाण वाढलं तर साबणासारखी चव येते, तेव्हा चमचा सपाटच भरा. मिठाचं मात्र उलट. मीठ आधी घालून मळलं तर मायोसिन हे प्रथिन विरघळून चिकट होतं आणि खिमा रबरी गोळ्यांत बांधला जातो. पॅटी करायची असेल तर हाच गुण हवाहवासा. मोकळा खिमा हवा असेल तर मीठ परतताना घालावं. मांडीचा खिमा मिळाला तर तोच घ्या असं मी सांगेन. छातीच्या मांसापेक्षा त्यात चरबी जास्त, म्हणून तो कोरडा पडत नाही.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. अख्ख्या तुकड्यावर जंतू असतात ते मुख्यतः पृष्ठभागावर. खिमा करताना तो पृष्ठभाग आतपर्यंत मिसळला जातो. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या जंतूंचा धोका टाळायला चिकन आतून ७४ अंशांपर्यंत तापायला हवं. मोकळ्या खिम्यात हे सहज साधतं, जाड पॅटीत थर्मामीटर लावूनच खात्री होते. रंगावर भरवसा ठेवू नये. आणि कच्चं चिकन नळाखाली धुऊ नये, कारण उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि आजूबाजूच्या भांड्यांवर पसरतात.

क्रीम फाटतं ते केसीनमुळे. दुधात केसीनचे कण एकमेकांना दूर लोटत तरंगत असतात. आम्लामुळे पीएच (आंबटपणाचं माप, आम्ल वाढलं की ते उतरतं) ४.६ च्या दिशेने उतरू लागला की हे लोटणं थांबतं आणि कण गुठळ्या करतात. उष्णतेने हे आणखी लवकर घडतं. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर घातलेला तिखट सॉस, सगळ्यांत आम्ल आहेच. ३५ टक्क्यांच्या पुढे चरबी असलेलं घट्ट क्रीम हे बरंच सहन करतं, कारण त्यात केसीन कमी आणि त्याला अडवायला चरबी भरपूर. दही वापरायचं असेल तर ते फ्रिजबाहेर काढून ठेवा, त्यात चमचाभर मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घोटा आणि पॅन आचेवरून उतरवल्यावरच मिसळा. पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि केसीनच्या कणांना एकमेकांपर्यंत पोचू देत नाही. पण फुगायला त्याला उष्णता लागते, म्हणून नंतर अगदी मंद आचेवर मिनिट-दोन मिनिटं ढवळावं, उकळी येऊ देऊ नये. लिंबू पिळायचं ते सर्वांत शेवटी.

स्टार्चचं दुसरं काम ब्रेडसाठी. पातळ सॉस ब्रेडच्या छिद्रांत शिरतो आणि सँडविच हातात धरेपर्यंत त्याचा लगदा होतो. चमचा मागे ओढल्यावर पॅनच्या तळाशी वाट उमटून क्षणभर तशीच राहिली, म्हणजे सॉस पुरेसा दाट झाला. ब्रेडची आतली बाजू लोणी लावून भाजावी. भाजल्याने पृष्ठभाग कोरडा आणि कडक होतो, आणि लोण्याचा पातळ थर पाण्याला अडवतो. नुसता शेकलेला ब्रेड तेवढा टिकत नाही.

खिमा भरला की सँडविच चार-पाच मिनिटं तसंच राहू द्या. तेवढ्यात सॉस निवतो आणि आणखी दाट होतो, कडेने गळायचा थांबतो. जिभेवरच्या त्या दारावर आता उष्णतेचा जोर उरलेला नसतो. घास घेतल्यावर आधी मलई कळते, मग खरपूसपणा, आणि चावून होता होता चरबीतून सुटलेली मिरची मागून येते.